बारा वाजून वीस मिनिटांचा सूर्य

"वेधशाळेचं मला सांगू नका," हे डेल्फिन तुकेरेस यांचं रोजचं वाक्य. सान्ता रोसालियाच्या बागेत, वेधशाळेच्या फाटकासमोर, तीन पायांच्या घोडीवर आपला लाकडी पेटी-कॅमेरा मांडून ते एकतीस वर्षं उभे होते. नवरानवरी आली, पंधराव्या वाढदिवसाला नटलेली मुलगी आली, सुटीवरचा शिपाई आला, की प्रत्येकाला वेधशाळेच्या घुमटाकडे पाठ करून उभं करायचं, काळ्या कापडाखाली डोकं घालायचं आणि फोटो काढायचा. हिशोब केला तर त्या घुमटाचे चाळीसएक हजार फोटो त्यांनी काढले असतील. दरेक फोटोत घुमट कुणाच्या ना कुणाच्या कानामागून डोकावत असे, ती गोष्ट वेगळी.

फोटो पेटीतल्या पेटीत धुऊन होईपर्यंत गिऱ्हाइकाला गुंतवून ठेवावं लागतं. मग डेल्फिन उस्ताद त्याला वेधशाळा आतून कशी आहे ते सांगत. आत सात मजले आहेत. तळमजल्यावर पाऱ्याचं तळं आहे. मधोमध एवढी मोठी दुर्बीण आहे की तिच्या नळीत एकदा गाय शिरली होती, ती शेपटीला धरून बाहेर काढावी लागली. ज्या जर्मन पाद्रीबाबांनी शंभर वर्षांपूर्वी ही दुर्बीण खेचरांच्या पाठीवरून डोंगर चढवून आणली, ते अजून आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेले आहेत, फक्त बोलत नाहीत.

खरी गोष्ट अशी होती की उस्तादांनी वेधशाळेत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

आधी परवानगीची पाटी होती म्हणून गेले नाहीत. पुढे पाटी गेली, तेव्हा सगळ्या गावाला वाटत होतं की ते आत शेकडो वेळा जाऊन आलेत. मग आता पहिल्यांदा जायचं तरी कोणत्या तोंडानं? हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं. एक त्यांची बायको सोइला, जी बागेतच टोपली घेऊन मक्याच्या पानात उकडलेल्या गरम उमिता विकायची. आणि दुसरे वेधशाळेचे जुने राखणदार नेप्तालीकाका, जे रोज सकाळी फाटक उघडताना तिच्याकडून दोन उमिता घेत आणि गाईची गोष्ट कानावर पडली की मान खाली घालून खात राहत.

वेधशाळेला शंभर वर्षं पूर्ण झाली त्या मार्चमध्ये उस्तादांचं नशीब उघडलं, किंवा तसं त्यांना वाटलं. एकवीस तारखेला मोठा समारंभ होता. आमचं गाव बरोबर विषुववृत्ताच्या रेषेवरचं. वर्षातून दोनदा, मार्चात आणि सप्टेंबरात, सूर्य माध्यान्हीला थेट टाळूवर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. अंगणातल्या दगडी खांबाची सावली गुडुप होताना सगळ्या गावानं एकत्र पाहायची, असं संचालिका डॉक्टर ओफेलिया बुर्बानो यांनी ठरवलं होतं. राजधानीहून फोटोग्राफर यायचा होता. पण आदल्या रात्री घाटात दरड कोसळली आणि फोटोग्राफर दरडीपलीकडे अडकला. सकाळी आठ वाजता नेप्तालीकाका फाटकातून बाहेर आले ते उमिता न घेताच उस्तादांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की डॉक्टरबाईंनी बोलावलंय, आतले फोटो काढायला.

उस्तादांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आत जायचं म्हणजे खरोखरच आत जायचं.

सोइलानं त्यांना बाजूला घेतलं. बागेतले फेरीवाले आणि फोटोवाले उठवायचा ठराव नगरपालिकेपुढे होता. पुढच्याच आठवड्यात त्यावर हात वर व्हायचे होते आणि त्यातला पहिला हात नगराध्यक्ष बास्कोनेस यांचा. तेच आज प्रमुख पाहुणे होते.

"अहो, नीट ऐका," ती म्हणाली. "साहेबांचा एक झकास फोटो काढा आणि हात जोडून जागेचं बोला. बाकी काही नको. तुमची अक्कल जास्त चालवू नका."

"सोइला, एकतीस वर्षं..."

"एकतीस वर्षं तुम्ही बाहेर होतात. म्हणूनच सांगते."

उस्तादांनी घोडी खांद्यावर टाकली, पेटी काखेत मारली, फोटो धुवायच्या पाण्याची बादली हातात घेतली आणि नवरदेवासारखे फाटकातून आत गेले.

आत सात मजले नव्हते. पाऱ्याचं तळंही नव्हतं. एक अरुंद लाकडी जिना होता. तो चढून ते वर आले आणि जागच्या जागी थांबले. नेप्तालीकाकांनी भिंतीवरचं चाक हातानं फिरवायला सुरुवात केली होती. डोक्यावरचा अख्खा घुमट, जो एकतीस वर्षं त्यांच्या गिऱ्हाइकांच्या कानामागे निमूट बसलेला होता, तो कण्हत, कुरकुरत, एखाद्या म्हाताऱ्या हत्तीसारखा हळूहळू फिरू लागला. मग दोरी ओढली आणि घुमटाला माथ्यापर्यंत उभी फट पडली. त्या फटीतून आभाळ आत आलं. आणि त्या उजेडात पितळेची ती लांबलचक नळी, मधाच्या रंगाची, दोन पुरुष उंच, दगडी खांबावर अशी तोलून बसलेली की उस्तादांच्या करंगळीच्या धक्क्यानंही हलावी.

उस्तादांनी बादली खाली ठेवली आणि हॅट काढली. चर्चमध्ये काढतात तशी.

"गाय मावणार नाही यात," ते हळूच म्हणाले.

"वासरू मावेल," नेप्तालीकाका म्हणाले. त्यांनी तेवढ्यावरच विषय सोडून दिला, यात त्यांचा मोठेपणा.

डॉक्टरबाई धावतपळत वर आल्या. ठेंगण्या, सडपातळ, चष्मा कपाळावर. त्यांच्यावर अंगणातल्या तीनशे शाळकरी पोरांची जबाबदारी होती. दुर्बिणीचे दोन फोटो आणि नगराध्यक्षांचा दुर्बिणीपाशी एक, एवढंच हवंय, असं त्यांनी सांगितलं. आणि जाता जाता जिन्यावरून म्हणाल्या, "माध्यान्हीच्या आत फट बंद करून टाका बरं. नेप्तालीकाकांना माहीत आहे."

आता सोइलानं सांगितलं होतं तेवढं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण उस्ताद काळ्या कापडाखाली शिरले आणि त्यांच्यातला कलावंत जागा झाला.

पहिली अडचण अशी की नळी तिरकी होती. पेटी-कॅमेऱ्यातला कागद उभा, त्यात तिरकी नळी मावेना. एकदा शेपूट तुटायचं, एकदा मुंडकं. उस्तादांनी फर्मावलं की नळी सरळ उभी करा, समईसारखी. नेप्तालीकाका म्हणाले की दिवसा असं कुणी करत नाही. उस्ताद म्हणाले की दिवसा फोटोही कुणी काढलेले नाहीत. नेप्तालीकाका म्हणाले की डॉक्टरबाईंना विचारू. उस्ताद म्हणाले की डॉक्टरबाईंनीच सांगितलंय चांगलं दिसू दे म्हणून. असं त्या काही म्हणाल्या नव्हत्या, पण कोण म्हणतं की चांगलं दिसू नये? नळी उभी राहिली.

दुसरी अडचण, वरच्या टोकाला मोठ्या भिंगावर पितळी झाकण होतं. टोपी घातलेल्या माणसाचा फोटो कसा काढायचा? नेप्तालीकाका शिडी लावून चढले आणि झाकण काढलं. भिंगात आभाळाचा निळा तुकडा चमकला. उस्ताद म्हणाले, "बघा, आता कशी डोळे उघडून बसलीय."

तिसरी गोष्ट उस्तादांच्या डोक्यातली नव्हती. खालच्या टोकाला डोळा लावायची छोटी भिंगं समारंभासाठी काढून, पुसून, मखमलीवर मांडून ठेवली होती. म्हणजे नळी खालून मोकळी, भोक उघडं.

अशा रीतीनं आमच्या गावच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं बहिर्गोल भिंग, वर्षातल्या नेमक्या त्या दिवशी, नेमकं आभाळाच्या माथ्याकडे तोंड करून, झाकणाशिवाय, उघड्या फटीखाली उभं करण्यात आलं. कुणा शत्रूनं ठरवून केलं असतं तरी इतकं बिनचूक जमलं नसतं.

नेप्तालीकाकांना बेचैन वाटत होतं. त्यांनी सांगितलं की माध्यान्हीच्या आत फट बंद करायलाच हवी, सूर्य वर येतो. उस्तादांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं: अकरा वाजून चाळीस. पुष्कळ वेळ आहे, बारा वाजायच्या आत मी स्वतः दोरी ओढतो. तेवढ्यात खालून हाक आली की खांबाभोवतीची दोरी पोरांनी तोडली आणि नेप्तालीकाकांना जावं लागलं. जाताना ते दोनदा वळून म्हणाले, "उस्ताद, माध्यान्हीच्या आत."

बाराला पाच कमी असताना नगराध्यक्ष बास्कोनेस धापा टाकत वर आले. अंगानं भरभक्कम, मिशा टोकदार, आणि डोक्यावर तोकिया गवताची ती नामांकित हॅट. मोंतेक्रिस्तीच्या एका म्हाताऱ्या विणकरानं सहा महिने पहाटेच्या दमट हवेत विणलेली, इतक्या बारीक विणीची की गुंडाळी करून अंगठीतून ओढून काढावी. ही हॅट नगराध्यक्ष निवडणुकीला आणि लग्नालाच घालत.

उस्तादांना दोरी ओढायची आठवण होती. पण साहेब समोर उभे, आणि फट बंद केली तर अंधारात फोटो काढायचा कसा? ते घुटमळले. आणि तेवढ्यात चर्चच्या घंटा वाजू लागल्या. बारा.

उस्तादांनी श्वास रोखून वर पाहिलं. फटीत निळं आभाळ. सूर्य कुठेच नाही. घंटा थांबल्या. बारा वाजून दोन. बारा वाजून पाच. नळीतून ना ऊन आलं ना काही. उस्तादांचा जीव भांड्यात पडला. गेली माध्यान्ह. शिकलेली माणसं उगाच घाबरवतात झालं.

आता ही गोष्ट खरी की सरकारी घड्याळ सगळ्या देशाला एकच असतं. सूर्य मात्र सरकारी नोकर नाही. तो आमच्या गावावर येताना आधी पूर्वेचे सगळे डोंगर ओलांडून येतो, आणि मार्चात तर जरा जास्तच रेंगाळतो. त्या दिवशी तो आमच्या टाळूवर यायचा होता बारा वाजून वीस मिनिटांनी. डॉक्टरबाईंना ते माहीत होतं, नेप्तालीकाकांना माहीत होतं, अंगणातल्या तीनशे पोरांनाही सकाळी फळ्यावर लिहून दिलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त दुर्बिणीखाली उभ्या असलेल्या दोघांना.

उभ्या नळीच्या खालच्या टोकाला डोळा लावायचा तर माणसाला उताणं पडावं लागतं. त्यासाठी लाकडी आरामखुर्ची होती, तिच्यात उस्तादांनी नगराध्यक्षांना न्हाव्याकडे निजवतात तसं निजवलं. डोकं नळीखाली, उजवा डोळा भोकाला, हॅट पोटावर.

"काय दिसतंय साहेब?"

"काही नाही. नुसतं निळं."

"अगदी छान. तसेच राहा. हलू नका."

उस्ताद कापडाखाली गेले. आतल्या काचेवर चित्र उलटं दिसतं: जमीन वर, छत खाली, नगराध्यक्ष वटवाघळासारखे टांगलेले. उस्तादांना त्याची सवय होती. एकतीस वर्षं त्यांनी जग उलटंच पाहिलं होतं. पण उजेड कमी, चित्र धूसर. त्यांनी पेटी चार बोटं पुढे घेतली. मग दोन बोटं मागे. साहेबांची हनुवटी जरा वर. मिशीचं डावं टोक खाली आलंय. साहेबांनी विचारलं, झालं का. उस्ताद म्हणाले, एक मिनिट. साहेबांनी पुन्हा विचारलं. उस्ताद म्हणाले, फक्त एक मिनिट. कापडाखालूनच त्यांनी जागेचा विषयही काढायचा प्रयत्न केला, पण उताण्या माणसाला ठरावाबद्दल काय सांगणार?

बारा वाजून चौदा मिनिटांनी नगराध्यक्षांची मान आखडली. अंगणातून डॉक्टरबाईंचा आवाज आला की साहेब, वेळ झाली, सावली आता बोटभरच उरलीय. साहेब खुर्चीतून उठू लागले.

"साहेब, आणखी एकच मिनिट पडा," उस्ताद कळवळून म्हणाले. "डोळा तिथेच राहू द्या. आत्ता कुठे जमत आलंय."

"तुमचं जमेपर्यंत माझी मान तुटेल. सावली पाहून येतो." साहेबांनी मान चोळली आणि आपलं डोकं होतं त्याच जागी, उशीवर, हॅट ठेवली. "ही माझी जागा. दुसऱ्या कुणाला बसवू नका."

ते गेले. उस्ताद मनातून फार चिडले. मोठ्या माणसांना कलेची कदर नसते. पण हॅट जागेवर आहे म्हटल्यावर तिच्यावर तरी नजर बसवून ठेवावी, म्हणून ते पुन्हा कापडाखाली शिरले.

आणि तिथे, त्या धुरकट काचेवर, त्यांना एक सुंदर गोष्ट दिसली. हॅटच्या कडेवर उजेडाची एक कोर उगवली. नखाएवढी. मग पाकळीएवढी. ती इतकी पांढरी होती की काचेवर पाहतानाही डोळे मिटावेसे वाटले. सबंध अंधाऱ्या खोलीत तेवढाच एक ठिपका जिवंत. चाळीस हजार फोटोंत असा उजेड त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते भान हरपून पाहत राहिले.

मग त्या ठिपक्यातून दुधाची एक बारीक धार निघाली आणि सावकाश, वळणं घेत, खाली गळू लागली.

जिन्यावर पावलं वाजली. नेप्तालीकाका वर येत होते.

"काका," उस्ताद कापडाखालून म्हणाले, "तुमच्या दुर्बिणीतून काहीतरी गळतंय. जरा फडक्यानं पुसून घ्या, फोटोत येईल."

काका दारातच थिजले.

"उस्ताद," ते म्हणाले, "ते गळत नाहीये. वर चढतंय."

एकतीस वर्षं उलटं जग पाहणाऱ्या माणसाला ते वाक्य डोक्यात शिरायला एक क्षण लागला. मग त्यांनी कापड फेकलं. हॅटच्या मधोमध नाण्याएवढं काळं भोक पडलं होतं, त्याच्या कडा लाल होत्या, आणि नळीच्या बुडातून उजेडाचा एक कडक खांब त्या भोकातून थेट उशीत घुसला होता. उशीतल्या पिसांनी पेट घेतला. ज्वाळा हातभर वर आली.

उस्तादांनी बादली उचलली आणि भिरकावली. एकतीस वर्षं नेम धरायची सवय, पण ती कॅमेऱ्यानं. अर्धं पाणी उशीवर गेलं आणि आग विझली. उरलेलं अर्धं जिन्याच्या तोंडातून खाली गेलं, आणि धूर पाहून पळत वर येणाऱ्या डॉक्टरबाईंच्या डोक्यावर पडलं. फोटो धुतलेल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, झटकला, पुन्हा घातला आणि उभ्या नळीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांच्यामागून नगराध्यक्ष आले, मागून शिक्षक, आणि जिन्यावर मावतील तेवढी पोरं. अंगणात नेमकं काय झालं ते नंतर कळलं: सहा महिन्यांतून एकदा नाहीशी होणारी सावली नाहीशी झाली त्याच घटकेला घुमटातून धूर निघाला, तीनशे माना वर वळल्या आणि खांबाकडे बघायला कुणी उरलंच नाही.

नगराध्यक्षांनी खुर्चीतली हॅट उचलली. ती भिजलेली, जळकी, आणि मधोमध आरपार होती. त्यांनी भोकातून एक बोट घालून पाहिलं.

"हे कोणी केलं?"

नेप्तालीकाकांनी तोंड उघडलं. दुर्बिणीचा हवाला त्यांच्याकडे होता. नळी त्यांच्याच हातांनी उभी राहिली होती आणि आता ते सगळं आपल्या अंगावर घेणार हे त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून दिसत होतं. उस्तादांना सोइला दिसली. ती जिन्याच्या तळाशी टोपली घेऊन उभी होती. बागेतली जागा तर गेलीच होती.

"मी केलं, साहेब," उस्ताद म्हणाले. "काका नको म्हणत होते. मी नळी उभी करवली, झाकण काढवलं, फट उघडी ठेवली. घंटा झाल्या म्हणजे माध्यान्ह सरली असं मला वाटलं. मी या घरात आज पहिल्यांदाच आलोय. एकतीस वर्षं लोकांना थापा मारत होतो."

 मग त्यांना त्याहून वाईट गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय राहवेना. ते म्हणाले, "आणि हॅट आहे तिथे तुमचा डोळा होता. मी तुम्हाला आणखी एक मिनिट पडा म्हणत होतो."

नगराध्यक्षांनी हॅटकडे पाहिलं. नळीकडे पाहिलं. मग त्यांचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या हातानं त्यांनी मान चोळली.

"माझी मान," ते हळूच म्हणाले, "फार गुणाची निघाली."

यावर हसावं की नाही हे कुणालाच कळेना. डॉक्टरबाईंनीच कोंडी फोडली. त्यांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. त्या म्हणाल्या की सावली तर आता सप्टेंबरातच दिसेल. पण ज्याच्यामुळे ती जाते तो अजून वरच आहे. त्यांनी नेप्तालीकाकांना खूण केली. काका शिडीवर चढले आणि मोठ्या भिंगावर दुसरं झाकण बसवलं, ज्याच्या मध्यभागी पेल्याच्या तोंडाएवढंच भोक होतं. मखमलीवरचं एक भिंग उचलून खालच्या टोकाला लावलं. मग किल्ली दिली. खांबाच्या पोटातलं यंत्र टिकटिक करू लागलं आणि नळी डोळ्यांना दिसणार नाही इतक्या हळू, सूर्यामागे पश्चिमेकडे झुकत चालली. डॉक्टरबाईंनी घुमटाची फट अरुंद करवली, अंधार केला, आणि नळीखाली एक पांढरा पुठ्ठा धरला.

पुठ्ठ्यावर सूर्य आला.

ताटाएवढा. गोल, शांत, कडेला किंचित सावळा, मध्यभागी उजळ. नुसता उजेड नव्हे, एक वस्तू. तिला कड होती, चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर तिळांसारखे काळे डाग होते, दोन मोठे, मागे पाचसहा लहान, मुंग्यांच्या रांगेसारखे. हवेच्या लहरींनी सगळं बिंब हळुवार थरथरत होतं, झोपलेल्या प्राण्याची कातडी थरथरावी तसं. जिन्यावरची पोरं गप्प झाली. खालच्यांना वरच्यांची शांतता ऐकू गेली आणि तीही गप्प झाली.

नगराध्यक्षांनी विचारलं की हे डाग भिंगावरचे का, पुसता येतील का. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही साहेब. ते त्याच्यावर आहेत. हा मोठा डाग दिसतो ना, यात आपली अख्खी पृथ्वी टाकली तर बुडून जाईल. समुद्रासकट."

नगराध्यक्षांचा हात डोक्याकडे गेला, हॅट काढायला. हॅट डोक्यावर नव्हती. तरी त्यांनी ती काढल्यासारखं केलं.

उस्ताद सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी या सूर्याच्या जिवावर लग्न केलं होतं, घर चालवलं होतं, दोन मुली वाढवल्या होत्या. ढग आला की चूल मंद व्हायची, हा बाहेर आला की गिऱ्हाईक यायचं. रोज सकाळी तो कुठल्या बाजूला आहे हे पाहून ते घोडी मांडत. आणि एकतीस वर्षांत एकदाही त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. बघता येतं हेच माहीत नव्हतं.

सोइला कधीतरी वर येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली होती. तीही पुठ्ठ्याकडे पाहत होती.

"अहो," ती कानाशी म्हणाली, "पाऱ्याच्या तळ्यापेक्षा हे बरं आहे."

डॉक्टरबाईंनी मान वळवून विचारलं, "उस्ताद, कॅमेरा चालतोय ना? मग हा फोटो काढा. सगळे इथेच आहेत."

उस्ताद पेटीशी गेले. या वेळी त्यांनी कुणाला हनुवटी वर करायला सांगितली नाही. डॉक्टरबाई पुठ्ठा धरून, एका बाजूला नेप्तालीकाका, दुसऱ्या बाजूला नगराध्यक्ष, आजूबाजूला पोरांची डोकी. सगळे बिंबाकडे पाहत होते आणि कुणीही फोटोसाठी उभं नव्हतं. अंधार फार होता. उस्तादांनी भिंगाचं झाकण काढलं आणि ते वेळ मोजायचे तसं मनात मेरीमातेची प्रार्थना म्हणू लागले. नेहमी अर्धी पुरायची. त्या दिवशी त्यांनी दोन पूर्ण म्हटल्या. कुणी पापणीही लववली नाही.

पेटीला लावलेल्या कापडी बाहीतून हात घालून त्यांनी आतच कागद धुतला. आधी उलटा फोटो येतो, काळ्याचं पांढरं. त्यात सूर्य डांबरासारखा काळा होता. मग त्या कागदाचाच फोटो काढून सुलटा केला, नेप्तालीकाकांनी आणून दिलेल्या स्वच्छ पाण्यात खळबळला आणि खिडकीशी धरला. सगळे भोवती जमले.

माणसं अप्रतिम आली होती. उस्तादांनी आयुष्यात असे चेहरे टिपले नव्हते. नगराध्यक्षांच्या मिशा विसरलेल्या, काकांचे डोळे ओले, डॉक्टरबाईंचे केस चिकटलेले आणि त्या लहान मुलीसारख्या हसतायत, पोरांचे ओठ उघडे. दरेक सुरकुती, दरेक पापणी. आणि सगळ्यांच्या मधोमध सूर्य: साफ पांढरा. ना डाग, ना कड, ना सावळेपणा. डोळ्यांना सोसलेला तो उजेड दोन प्रार्थनांच्या वेळात कागदाला झेपला नव्हता. फोटोत एक बाई रिकामी थाळी धरून उभी होती, आणि गावचा नगराध्यक्ष चाळीस माणसांसह त्या थाळीकडे आ वासून बघत होता.

नगराध्यक्षांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग ओली हॅट काखेत मारून खाली गेले.

पुढच्या आठवड्यात ठराव आला. तो आजही नगरपालिकेच्या दप्तरात पाहायला मिळेल. बागेतले फेरीवाले आणि फोटोवाले आहेत तिथेच राहावेत, असं एकमतानं ठरलं. मात्र डेल्फिन तुकेरेस यांना कॅमेऱ्यासह कोणत्याही सार्वजनिक इमारतीच्या छपराखाली प्रवेश देऊ नये. कॅमेऱ्याशिवाय चालेल, असं खाली नगराध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तेव्हापासून उस्ताद दर रविवारी पेटी सोइलाच्या ताब्यात देतात आणि हात हलवत वर जाऊन पुठ्ठ्यावरचा सूर्य पाहून येतात.

फोटो डॉक्टरबाईंनी चौकट करून फाटकाशीच लावला. गेल्या महिन्यात राजधानीहून आलेली एक बाई तो बघत फार वेळ उभी होती. मग समोरच उस्ताद दिसले म्हणून तिनं त्यांना विचारलं की ही माणसं एवढं काय बघतायत.

"सूर्य," उस्ताद म्हणाले.

बाईनं पुन्हा निरखून पाहिलं. "पण तो तर फोटोत यायचा राहिलाय."

उस्तादांनी डोकं खाजवलं.

"राहिला नाही हो बाई," ते म्हणाले. "जरा जास्तच आला."